उबदार भिंत

थोरलीचा गिझर आणि धाकटीची इस्त्री एकाच वेळी सुरू झाली की फ्यूज उडायचा, आणि फ्यूज उडाला की दोघी जावांची तोंडं सुटायची. घराच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, मीटर मेला तेवढा एकच राहिला. मधल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली सासू, आणि तिच्या डोक्यावरून दोन्हीकडचा मारा.

"ताई, आंघोळ चाललीय की घर धुताय?"

"तुझ्या नवऱ्याच्या शर्टाला कडक इस्त्री, आणि माझ्या डोक्यावर गार पाणी. वा गं वा!"

मग एकाएकी फ्यूज उडायचाच थांबला. थोरलीला वाटलं, धाकटी नमली. ती मनातून भलतीच खूश होती.

एका सकाळी गिझर लावून ती सासूची चादर बदलायला गेली. म्हातारी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून बसली होती.

"भिंत छान कोमट असते गं हल्ली. पाठ शेकून निघते."

थोरलीनं भिंतीला जरा वर हात लावला आणि झटकन मागे घेतला. वरच्या स्विचबोर्डाची कड करपून तपकिरी झाली होती, जळकट वास येत होता. तिनं धावत जाऊन मेन स्विच पाडला, फ्यूज उपसला. आत केसासारख्या बारीक तारेऐवजी कपडे वाळत घालायच्या तारेएवढी जाड तार.

इस्त्री बंद पडल्याबरोबर धाकटी तणतणत आली.

"ये, बघ तुझ्या नवऱ्याचे प्रताप. सासूला जिवंत जाळायला निघालात."

"माझ्या नवऱ्याचे? त्यांना साधा बल्ब बदलता येत नाही. हे भाऊजींचंच काम. तुम्हाला गरम पाणी हवं ना."

"तोंड सांभाळून बोल."

"मी घालून घेतली," सासू म्हणाली.

दोघी एकदम तिच्याकडे वळल्या.

"दूधवाल्याकडून. म्हटलं, अशी जाड घाल की पुन्हा उडायलाच नको. तुमची तोंडं बंद करायची होती मला."

"आई, खाटेवरच जळून गेला असतात. उठून पळता तरी आलं असतं का?" थोरली म्हणाली.

"नसतं आलं. पण इतके दिवस कान तरी शांत होते."

इलेक्ट्रिशियननं करपलेल्या वायरी बदलल्या, फ्यूजमध्ये बारीक तार घातली आणि गिझर-इस्त्री एकदम लावू नका म्हणून बजावलं. पण ऐकेल ती थोरली कसली, आणि धाकटी तर तिच्याहून वरचढ. दुसऱ्याच दिवशी सकाळी दोघींनी हट्टानं आपापलं बटण दाबलं, आणि फ्यूज उडाला.

थोरली तरातरा बाहेर आली. समोर धाकटी इस्त्री हातात घेऊन उभीच होती. दोघींनी तोंड उघडलं, तेवढ्यात मधल्या खोलीतून सासूचा थकलेला आवाज आला.

"दूधवाला आला का गं?"

थोरलीनं तोंड मिटलं. धाकटीनं मुकाट्यानं आत वळून इस्त्रीची पिन काढली.