कंटेनरबाबाची मिरवणूक

मोबाइलवरच्या नकाशाने सांगितलं म्हणून एक माणूस भलामोठा ट्रेलर थेट खाडीच्या चिखलात घालतो, याला काय म्हणायचं? करंजाड्याच्या गोदामाकडे निघालेला तो शहाणा पनवेलजवळच्या आमच्या बंदरावर येऊन रुतला. मग क्रेन आली. ट्रेलर हलका करायला कंटेनर खाली उतरवला, आणि ट्रेलर न् क्रेन दोघं निघून गेले. कंटेनर राहिला. कुठे राहिला? तर काशिराम नाखव्याची होडी आणि पाणी यांच्या बरोबर मध्ये!

मी हसन. उमेदीची वर्षं कुवेतला काढली, आता बंदरावर जाळी-दोरांचं दुकान चालवतो. काशिराम माझा शाळेपासूनचा दोस्त. आमच्याकडची रीत अशी, की नारळी पुनवेला पहिला नारळ काशिरामच्या घरचा आणि पहिली फातेहा आमच्या घरची. दोन्ही झाल्याशिवाय एकही होडी पाण्याला लागत नाही. आणि यंदा खुद्द नाखव्याचीच होडी अडकली.

"प्रितेश बोलतो, पुनवेला होडी उतरली नाय तर ती विकून टाका," काशिराम सांगत होता. प्रितेश त्याचा एकुलता एक मुलगा. "तो कंटेनर यार्डात नोकरी धरतो म्हनं. हसनभाई, पोरगा गेला तर मी कोनासंगं जाऊ रं दर्यात?" वादळात ढिम्म न हलणारा माणूस माझ्या दुकानात नायलॉनच्या रिळांवर बसून ढसाढसा रडला.

मी ऑफिसं पालथी घातली. एक साहेब म्हणाला, जागा आमची नाही. दुसरा म्हणाला, जागा आमची पण डबा आमचा नाही. तिसरा म्हणाला, दाराला सील आहे, हात लावलात तर तुरुंगात जाल. शेवटी कंटेनरवरच्या नंबरवर फोन लावला, तर कुठल्या तरी देशातली बाई मला गाणं ऐकवत राहिली आणि मधूनमधून सांगत राहिली की माझा कॉल फार महत्त्वाचा आहे. अरे, महत्त्वाचा आहे तर उचल की मेला तो डबा!

त्या संतापातच मला सुचलं. गेल्या वर्षी माझ्या दुकानाचं छप्पर वीतभर पुढे आलं, तर दुसऱ्या दिवशी अतिक्रमण म्हणून पाडलं होतं. म्हणजे जे चुकून पडलंय ते कुणी उचलत नाही, जे कुणी मुद्दाम उभं केलंय ते लगेच उचलतात. मग करू या देवस्थान उभं! काशिरामने कंटेनरला शेंदूर फासला. मी वर हिरवी चादर घातली, ऊद लावला आणि मनातल्या मनात तौबा केली. आता क्रेन येणारच.

"अहो, अक्कल कुवेतलाच ठेवून आलात का?" माझ्या बायकोने, अस्माने विचारलं. मी लक्ष दिलं नाही.

दुपारी ऊन तापलं, पत्रा फुगला आणि आतून धडाम् आवाज आला. "बोलला!" कुणीतरी ओरडलं. झालं! विचुंब्याहून रिक्षा भरभरून माणसं यायला लागली. हा कंटेनरबाबा परदेशातून आलेला, त्यामुळे व्हिसा मागणाऱ्यांची ही गर्दी. कुणाला दुबई, कुणाला कॅनडा. चिरनेरच्या सखूबाई आल्या, त्यांचा मुलगा बोटीवर होता, त्याच्यासाठी त्यांनी ओटी भरली. त्यांच्यामागे बुरख्यातली बाई, तिच्यामागे मेणबत्ती घेतलेली जास्मीन टीचर. एकाच रांगेत तिघी एकमेकींची पोरं कुठे असतात ते विचारत होत्या. ते बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग ऑफिसातले साहेब आले. क्रेन नव्हतीच, लोखंडी कठडे घेऊन आले.

"स्थळ संवेदनशील आहे," ते म्हणाले. "सर्व धर्मांच्या भावना गुंतल्यात. आता हे इंचभरही हलणार नाही."

काशिरामने माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

घरी आलो, जेवण जाईना. अस्माने ताट सरकवलं आणि म्हणाली, "हलवायला बंदी आहे ना? मिरवायला कोण अडवतंय?"

खरंच की! साहेबांना विचारलं तर ते खूश. मिरवणूक म्हटल्यावर बंदोबस्त आला, बंदोबस्त म्हणजे त्यांचं रोजचंच काम.

पुनवेच्या दिवशी होड्या ओढायचे ओंडके कंटेनरखाली सारले, जाळ्यांचे जाड दोर बांधले. पुढे कोळ्यांचा बँडबाजा, मागे आमचा उरुसातला संदलवाला ढोल, मध्ये व्हिसावाले. "हैया हो!" पहिल्याच हिसक्याला डबा इतका सुसाट पुढे आला की पुढची रांग आडवी झाली.

"चमत्कार!" लोक ओरडले.

प्रितेशने पत्र्यावर थाप मारली, कान लावला आणि माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "चाचा, ह्यो तर रिकामा हाय."

रिकामा! पहिल्याच दिवशी चार घरची माणसं दोराला लागली असती, तर काम झालं असतं!

"गप्प बस," मी म्हणालो. "आमच्या मशिदीत तरी आत काय ठेवलेलं असतं? माणसं जमली ना? ओढ!"

वाट मोकळी झाली तेवढ्यात भरती आली. सगळ्यांनी दोर टाकले आणि होडीकडे धाव घेतली. काशिरामने नारळ वाहिला, मी फातेहा पढली, ढोलवाल्यांनीसुद्धा खांदा लावला आणि होडी पाण्याला लागली. प्रितेश उडी मारून पुढच्या टोकाला, नाळेवर बसला. माझे डोळे भरून आले.

डोळे पुसून वळलो, तर बाजूच्या उतारावर ओंडक्यांवरच सोडलेला कंटेनर घरंगळत जाऊन माझ्या दुकानाच्या दाराला चिकटला होता. साहेब त्याच्याभोवती कठडे लावत होते. आतून अस्मा माझा उद्धार करत होती.

आता गिऱ्हाईक मागच्या खिडकीतून येतं. दुसऱ्या दिवशी तिथे काशिराम उभा, हातात हंगामातली पहिली मासळी, ताजं बोईट.

"हसनभाई, पुढच्या नारळी पुनवेला मिरवनूक माज्या दारात आन," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्या वर्षी शेजारची दमयंतीवयनी घेते बोलली. तुज्या एकट्याच्या दारात कशाला? बारी लावू."

त्याच्या होडीपायी माझं दार बंद झालं म्हणून रात्रभर मी त्याला मनात शिव्यांची लाखोली वाहिली होती. आता मी खिडकीतून हात काढून बोईट घेतलं.

तेवढ्यात त्याच्या मागून प्रितेशने खिडकीत हात घातला. "चाचा, जाळ्याला दोर पायजे. चांगला दाखव, हंगामभर टिकला पायजे."

मी सगळ्यात मोठं रीळ उचललं. ते खिडकीतून जाईना, म्हणून आतून मी ढकललं आणि बाहेरून बापलेकांनी ओढलं.