वाचून कायम

"निळे दिवे हवेत, निळे!" असं म्हणत कारंजेवाल्या सदस्यांनी पाण्याचा पेला टेबलावर इतक्या जोरात आपटला, की शेजारच्या सदस्यांची झोप मोडली.

"हिरवे," शेजारी जागे होताच म्हणाले. विषय काय चाललाय, याची त्यांना गंधवार्ता नव्हती; पण विरोध करायला तेवढी लागतेच असं नाही.

नगरपालिकेच्या त्या सभागृहात मागच्या बाकावर ग्रंथपालबाई जीव मुठीत धरून बसल्या होत्या. विषय सात त्यांचा होता: गावाचं वाचनालय बंद करून तो पैसा चौकातल्या नव्या कारंज्याला देणे. वाचनालय गेलं, की बाईंची अकरा वर्षांची 'तात्पुरती' नोकरीही जाणार होती. कारंजं अजून मंजूरही नव्हतं, पण त्याच्या दिव्यांवर दोन तास खल चालला होता.

"एका वाचकामागं आपला खर्च किती होतो, माहितीये?" कारंजेवाले गरजले. "आणि कारंजं? येणारा-जाणारा प्रत्येक जण फुकट बघेल!"

"फुकट बघायला तुम्ही आहातच की," शेजारी म्हणाले.

तेवढ्यात बाजूच्या खोलीत जेवणाची ताटं वाजली. चौदा माना एकदम दाराकडे वळल्या.

"विषय सात मताला टाका, चटकन," अध्यक्ष म्हणाले.

सभेचा लिपिक उठला. "विषय सात. वाचनालय..."

"वाचून कायम?" अध्यक्षांच्या तोंडून निघून गेलं. दर सभेच्या सुरुवातीला मागच्या सभेचा वृत्तांत असाच, कुणीही न वाचता, 'वाचून कायम' होत असे. जिभेला वळणच पडलं होतं.

"कायम!" सगळे एका सुरात म्हणाले. हातोडा पडला.

मग कारंजेवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. रंग कोणता, ते कळलं नाही.

"अहो, थांबा! हे बंद करायचं होतं!"

"मग विषय पुन्हा घ्यावा लागेल, साहेब," लिपिक नम्रपणे म्हणाला. "सगळी चर्चा पहिल्यापासून. दिव्यांसकट."

कारंजेवाल्यांनी दाराकडे पाहिलं. आतून गरम जेवणाचा वास येत होता.

"राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

सदस्य जेवायला पळाले; अध्यक्ष तेवढे सहीसाठी थांबले. लिपिकानं ठराव लिहिला: वाचनालय व ग्रंथपाल, दोन्ही कायम. वही अध्यक्षांपुढे सरकवताना तो बाईंकडे बघून उगाच खाकरला. बाईंनी पुढे येऊन, वाकून ओळ वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. अकरा वर्षं त्या 'वाचा, वाचा' म्हणून गावाच्या कानीकपाळी ओरडत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच त्यांना वाटलं, एकानं तरी वाचू नये.

अध्यक्ष खिसे चाचपत होते. "बाई, माझा चष्मा दिसला का हो कुठं?"

चष्मा त्यांच्याच कपाळावर होता.

"नाही बुवा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपलं पेन पुढे केलं. "सही इथं."