न दिसलेली चकती

मित्रांनो, मी जळगावच्या एका छापखान्यातला जुना सीडी ड्राइव्ह. माझा जन्म चौऱ्याण्णव सालचा. लग्नपत्रिकांची अक्षरं आणि गणपतीची चित्रं मी चकत्यांवरून वाचून द्यायचो. छापखान्याचं काम पाहणाऱ्या चंद्रकांताबाई मला रोज स्वतः पुसायच्या.

नव्याण्णव साली मुक्ताईनगरच्या यात्रेत भिकुबाई नावाची एक म्हातारी हरवली. तिचा मुलगा रुपचंद धुळ्याजवळच्या खेड्यातला. तो जीप करून धावतच जळगावला, आमच्या छापखान्यात आला.

"ताई, मनी माय हाराई गयी. तिले गावनं नावबी सांगता येत नही."

यात्रा संध्याकाळी उठणार होती. माणसं पांगण्याआधी तिच्या फोटोची पत्रकं वाटायला हवी होती. फोटो धुळ्याच्या मगन फोटोग्राफरकडेच होता, एका लग्नाच्या घोळक्यातला. बाईंनी फोन करताच त्याने त्यातून भिकुबाईंचा चेहरा मोठा केला, चकतीवर घातला आणि ती चकती जळगावला येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दिली.

दुपारी चकती आली. बाईंनी ती माझ्यात घातली. मी ती फिरवली, प्रकाश टाकला. एरवी चकतीवरून प्रकाश लख्ख परत येतो. हिच्यावरून इतका मंद आला, की मला काहीच वाचता येईना. मी पुन्हा पुन्हा घरघरलो. पडद्यावर 'चकती वाचता येत नाही' अशी सूचना आली. बाईंनी चकती पुसली, परत घातली. तेच!

"अरे, वाच ना!" म्हणत त्यांनी मला थाप मारली. रुपचंद दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

बाईंनी मगनला फोन लावला.

"भाऊ, तुमची सीडी कोरीच आहे."

"माझ्याकडे तर उघडते, ताई. तुमचा ड्राइव्ह कधीचा?"

"चौऱ्याण्णवचा."

"मग चूक माझी. मी पुसून पुन्हा लिहायची सीडी पाठवली. जुन्या ड्राइव्हला ती दिसत नाही. एकदाच लिहायची साधी सीडी करतो, पुढच्या गाडीने पाठवतो."

ती आली तेव्हा ऊन उतरलं होतं. प्रकाश टाकताना मला धास्ती होती. जुने ड्राइव्ह साध्या चकतीलाही कधी कधी अडतात. पहिल्या फेरीत अडखळलो. दुसऱ्या फेरीत प्रकाश परतला, आणि पडद्यावर डोईवर पदर घेतलेला चेहरा वरून खाली उमटत गेला.

"माय!" रुपचंद एवढंच म्हणाला.

ओल्या शाईची पत्रकं घेऊन तो जीपने गेला. यात्रेतल्या एका कासारणीने चेहरा ओळखला. बांगड्यांच्या दुकानामागे, पोत्यावर भिकुबाई बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊन आला. बाईंनी पडद्यावर फोटो दाखवला. भिकुबाईंनी तो निरखून पाहिला.

"हाई कोन बाई शे?"

"तूच शे, माय," रुपचंदने त्यांचा हात धरला.

पुढे माझ्या जागी नवा ड्राइव्ह आला. तो सगळ्या चकत्या वाचतो. माझी तक्रार नाही. फक्त, मित्रांनो, कुणाला काही पाठवाल तेव्हा त्याच्याकडचं यंत्र किती जुनं आहे ते आधी विचारा. आणि ते अडलं, तर थाप मारण्याआधी त्याला काय दिसत नाही ते शोधा. तेवढ्या वेळात कुणाची तरी माय सापडायची असते.