वाकडा, पण अखंड

मी बाण बोलतोय. दचकू नका, माझं टोक भिंतीकडे आहे. आणि हो, मी जरासा वाकडा आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कुजबुज नको.

माझा जन्म पाचरीखाली झाला. आमच्याकडे बाणाच्या लाकडाला करवत लावत नाहीत. ओंडक्यावर पाचर ठोकायची आणि लाकूड जिथे उकलेल तिथे उकलू द्यायचं. मग लाकडाची रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. करवत ती मध्येच कापते आणि असा बाण सुटतानाच मोडतो.

आमच्या म्हाताऱ्या कारागिराने हे स्वतःच्या हाताने शिकून घेतलं होतं. तरुणपणी घाईघाईत त्याने करवतीने कापलेल्या काडीचा बाण केला. सोडतानाच तो मोडला आणि धनुष्य धरलेल्या डाव्या तळहातात घुसला. त्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. आता म्हातारपणी उजवा हातही थरथरू लागला, तेव्हा त्याने कामाची खोली बंद करायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात तिरंदाजीचे मास्तर आले. त्यांना शाळेतल्या मुलींसाठी चोवीस बाण हवे होते. म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली, पण त्याची लेक आतून म्हणाली, "मी करते."

"तुला फक्त पिसं चिकटवता येतात," म्हातारा म्हणाला.

"मग बघाच. एक बाण करून दाखवते. नाही जमला तर कुलूप मीच लावीन."

म्हातारा हट्टी आणि लेक त्याच्यावर ताण! ती कामाला भिडली.

तिचा पहिला बाण माझाच भाऊ, एकाच ओंडक्यातला. त्याला मध्ये बाक होता. तिने रंधा मारून तो बाक काढून टाकला. काय देखणा दिसत होता! मला तर हेवाच वाटला. पण संध्याकाळी तिने त्याला खिडकीशी धरून पाहिलं. रंध्याने रेषच कापली होती. ती बाकासोबत वळायची सोडून कडेने बाहेर पडली होती.

 मग गुडघ्यावर धरून तिने त्याला मोडलं. कट्कन मोडला बिचारा.

मग माझी पाळी आली. बाक मलाही होता, पण या वेळी तिने रेषेबरोबरच सोललं. मला निखाऱ्यांवर शेकायची, दाबून सरळ करायची. सकाळी मी पुन्हा वाकलेला! असं नऊ वेळा झालं. तिची बोटं पोळली. "तू दमशील, मी नाही," ती मला म्हणायची. मी खरंच दमलो. तरी थोडासा बाक उरलाच.

मास्तरांच्या देखत म्हाताऱ्याने मला नखांवर गरकन फिरवलं.

"वाकडा आहे."

"आहे. पण रेष कुठे तुटलेली नाही."

त्याने धनुष्य उचललं आणि आखडलेल्या बोटांनी कसंबसं धरलं. लेक पुढे झाली. "बाबा, काम माझं आहे. हातही माझाच असू द्या."

म्हाताऱ्याने धनुष्य दिलं, पण तिच्या डाव्या हातावरची नजर काढली नाही. खरं सांगतो, मी फार घाबरलो होतो. दोरी सुटली. मी लवलो, थरथरलो आणि गवताच्या भाऱ्यात घुसलो. खुणेपासून चांगला वीतभर लांब.

तिचा चेहरा उतरला. म्हाताऱ्याने मला उपटलं आणि टोकापासून पिसांपर्यंत बोट फिरवलं. मग लेकीचा डावा तळहात उलटा-सुलटा करून पाहिला. त्यावर पोळल्याचे डाग होते, पण जखम एकही नव्हती.

"नेम मास्तर शिकवतील," तो म्हणाला. "तू उरलेले तेवीस कर."

"तेवीस नाही, चोवीस. हा मी ठेवणार."

तेव्हापासून मी तिच्या खिडकीशी आहे. तिच्याकडे बाण बनवायला शिकायला येणाऱ्या मुली मला 'वाकड्या' म्हणतात. म्हणू देत. माझं एवढंच मागणं आहे, रंधा उचलण्याआधी एकदा मला उजेडात धरून माझी रेष बघा. कुणाचा तरी हात वाचेल.