वर्गभर वाळा

अत्तर म्हटलं की आमच्या मोतीराममामांना एकच नाव आठवतं, हिना. घट्ट, काळपट, दोन आंघोळी झाल्या तरी न जाणारं. मांडवाच्या दाराशी करवलीने ते प्रत्येक पाहुण्याच्या हाताला, मनगटाच्या मागच्या बाजूला लावलं नाही, तर मामांच्या मते ते लग्नच नव्हे.

आणि हिन्याचा नुसता वास आला तरी आमच्या आईचं अर्धं डोकं ठणकायला लागतं.

आई म्हणजे चंद्रभागा मॅडम. भीमपूरला आमच्याच शाळेत गणित शिकवते. माझी आई आहे म्हणून सांगत नाही, पण तिने खडूने फळ्यावर नुसत्या हाताने काढलेलं वर्तुळ बघून कंपासपेटी विकून टाकावीशी वाटते. ती ओरडत नाही, छडी तर तिच्याकडे नाहीच. "अजून एकदा बघ बरं," एवढंच म्हणते आणि आपली चूक आपल्यालाच दिसते. शाळेतले सर तिला घाबरतात, तपासणीला आलेले साहेब घाबरतात. अशी बाई एका वासापुढे मात्र हरते.

मागच्या वर्षी जैनथला मथुरामावशीच्या मुलाचं लग्न होतं. त्रिशरण सुरू व्हायच्या आतच आई उठली आणि जीपमध्ये जाऊन कपाळावर ओला पदर ठेवून पडली. तेव्हा जीपशेजारून जाताना एक बाई दुसरीला मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "मास्तरीणबाईले आता आपल्या लोकायचा वास सहन नाही होत वाट्टे!" आईच्या माहेरी सगळे दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाणारे. ती स्वतः नवव्या वर्गापर्यंत सुट्टीत कापूस वेचायला जायची.  आईने फक्त पदर कपाळावरून खाली डोळ्यांवर ओढून घेतला.

आता लग्न आमच्याच घरी होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, आशाताईचं, किनवटच्या मुलाशी, मे महिन्यात. मामा तयारीसाठी आमच्याकडे येऊन राहिले होते आणि अत्तराचा विषय निघाला.

"नवरदेवाकडचे किनवटहून येऊन राह्यले, बाई. त्यायले सुक्या हातानं वापस पाठवतं का?"

"मी कुठं नाही म्हणून राह्यली?" आई वह्या तपासत म्हणाली. "आण तुहा हिना. मी गोळी खाऊन बसीन."

"अन् गोळीनं नाही भागलं तर?" मी विचारलं.

आईने लाल पेन थांबवला. "तं माही खुर्ची दाराजवळ ठेवजा."

नवरीची आई दाराजवळच्या खुर्चीवर! लेकीचं लग्न लागत असताना उठून पळता यावं म्हणून! माझ्या तर अंगाचा भडका उडाला.

"अत्तर मी निवडीन," मी म्हणाले. "करवली मी आहे."

मामा हसले. "तू? कालपरयंत वेणी घालायले माय लागत होती तुले!"

"वेणी अजूनही तिच्याकडूनच घालून घेते, मामाजी. पण नाक माझं स्वतःचं आहे."

रविवारी मी मामांबरोबर बसने आदिलाबादला गेले. अत्तरवाल्या चाचांच्या दुकानात माणसं दोनच मावतात, पण वासांची जत्रा भरलेली. चाचा काचेच्या काडीने माझ्या हातावर एकेक टिपका लावत होते. गुलाब, मोगरा, केवडा, मजमुआ. मनगट संपलं, कोपर संपलं, दुसरा हात सुरू झाला. मग मला सगळ्यांचा मिळून एकच वास यायला लागला, मिठाईच्या दुकानात साबण पडल्यासारखा.

तेवढ्यात वरच्या फळीवरची हिरवी शिशी दिसली. हिरवी म्हणजे कशी, तर काचेतून कवळ्या पानाला ऊन लागावं तशी.

"चाचा, वो क्या है?"

"वो खस है बेटी. तुम लोगां वाळा बोलते नै, वोइच. शादी के वास्ते कोई नै लेता."

चाचांनी काडी लावली आणि मी तो हात नाकाशीच धरून ठेवला.  आधी नाकाला टोचलं, विळ्याने नुकतंच गवत कापावं तसं. मग ते टोचणं गेलं आणि खालून गारवा वर आला. माठाखालची वाळू असते ना, रोज पाझरून पाझरून ओली राहिलेली, तिच्यात हात घातल्यासारखा. गोड नाही, लाडिक नाही. सरळ, शहाणा वास. हे अत्तर माणूस असतं तर त्याने हळू आवाजात गणित शिकवलं असतं.

मामांनी माझा हात ओढून वास घेतला. "हे काय अत्तर होय? हा तं तहसीलच्या कूलरचा वास आहे! पाहुणे म्हणतीन, मोतीरामनं अत्तर लावलं का कूलर चालू केला?"

"मे महिन्यात म्हणतील तर आशीर्वादच देतील, मामाजी."

चाचा खो खो हसले. "जल्दी नक्को करो. कान में फाया रखो, कल तक देखो. पसंद आई तो बड़ी शीशी ले जाना." त्यांनी कापसाचा भिजवलेला बोळा माझ्या कानाच्या वरच्या घडीत बसवला आणि बोटाच्या पेराएवढ्या शिशीत थोडा नमुना दिला.

घरी मी आईला काही सांगितलं नाही. सांगून उपयोगच नव्हता. डोकं फुटत असलं तरी ती "नाही दुखत" म्हणाली असती, आमच्यासाठी. तिला कळू न देताच बघायला हवं होतं. संध्याकाळी तिने माझी वेणी घातली. तिचं नाक माझ्या कानापासून चार बोटांवर. वेणी झाली, वह्या झाल्या, भाकरी झाल्या. डोकं धरणं नाही, कपाळ चोळणं नाही, काही नाही!

मी नाचत मामांकडे गेले. मामांनी सुपारी कातरता कातरता माझा नाच थांबवला.

"एक कान म्हंजे लग्न नाही होत, पोरी. मांडवात दोनेकशे हात राह्यतात. चारी बाजूनं कनात बांधलेली, आत गरमी. उदबत्ती सहन होते म्हणून होळीत बसतं का कोणी?"

मामा बरोबर बोलत होते, हेच तर वाईट होतं. आता लग्नाआधी दोनेकशे हात मी कुठून आणू?

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना उत्तर माझ्या समोरूनच चाललं होतं, रांगेने, दप्तरं पाठीवर घेऊन.

मार्चपासून आमची शाळा अर्ध्या दिवसाची असते. शेवटचा तास गणिताचा. तेव्हा बाहेर झळा सुरू होतात म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतो. वर नुसते पत्रे. हात कमी असतील, पण जागाही तेवढीच लहान. मांडव याहून काय वेगळा असतो? मधल्या सुट्टीत मी बयनाला सगळं सांगितलं. बयना माझी मैत्रीण, तिच्या पोटात काही राहत नाही. आज मला तेच हवं होतं. पाच मिनिटांत अख्खा नववीचा वर्ग हात पुढे करून उभा होता. मी खराट्याची काडी शिशीत बुडवून एकेकीच्या हाताला लावत गेले.

"आमाले नाही का?" मागच्या बाकावरची मुलं ओरडली.

"या, तुमी वरपक्ष!" बयना म्हणाली.

"मंग आमाले जास्त लागते!" म्हणत ते दोन्ही हात घेऊन आले. शिशी उलटी करून झटकली तेव्हा कुठे शेवटच्या बाकाचं भागलं.

शेवटच्या तासाआधी खिडक्या लावल्या. दार ओढून घेतलं. वास असा दाटला की आपण कुठल्यातरी हिरव्या पाण्याच्या तळाशी बसलो आहोत असं वाटलं. आणि तेव्हा, नेमकं तेव्हा, मला भीती वाटली. आईला त्रास झाला तर? तर तो मी दिलेला असेल, अख्ख्या वर्गासमोर, तिच्या वर्गात! आणि मग हिना येईल, आणि तिची खुर्ची दाराजवळ जाईल.

आई आत आली. दाराशी क्षणभर थांबली. सगळ्यांनी हात बाकाखाली घेतले. मग ती फळ्याकडे वळली आणि प्रमेय सुरू केलं.

मी प्रमेय बघतच नव्हते. मी तिचं कपाळ बघत होते. अर्धा तास झाला. पत्रे तापून कडकड वाजायला लागले. मग ती लिहिता लिहिता थांबली. डावा हात उचलला आणि कपाळावर ठेवला. डोळे मिटले.

मला ती खूण पाठ होती.  मी उभी राहिले.

"मॅडम, खिडक्या उघडू?"

"बस खाली." तिने डोळे उघडले. फळ्याकडे मान तिरकी करून पाहिलं. "मघाचपासून बघते आहे, हे जुळत का नाही. वरच्या ओळीत कोन चुकीचा लिहिलाय मी. आणि तुम्ही एवढे सगळे बसलात, एकाच्याही लक्षात आलं नाही? कुठे आहे आज वर्गाचं लक्ष?"

बयना फिस्सकन हसली. मग कोणीतरी अजून हसलं. आईने ओळ पुसली, नवी लिहिली आणि प्रमेय शेवटपर्यंत नेलं. घंटा झाली. एरवी घंटेबरोबर वर्ग बाहेर सांडतो. आज कोणी हललं नाही.

आईने खडू ठेवला. "हात वर करा सगळ्यांनी."

सगळे हात वर गेले, आणि त्यांच्याबरोबर सगळा वास उठून पत्र्यापर्यंत गेला. आई पहिल्या बाकाजवळ आली. बयनाचा हात धरून हुंगला. मग पुढचीचा. मग माझ्यासमोर उभी राहिली.

"काल वेणी घालताना आला होता हा वास. मला वाटलं, बाजारातून काही वाळ्याचं आणलंय."

"डोकं दुखतंय का?" मी विचारलं. "खरं सांग. आशाताईची शपथ."

वर्गात मी तिला कधी 'तू' म्हणत नाही. ती रागावली नाही. तिने खरंच थांबून, डोळे बारीक करून तपासलं, गणिताचं उत्तर ताडून बघते तसं.

"नाही," ती म्हणाली. मग थोडं नवल वाटून पुन्हा म्हणाली, "नाही दुखत." आणि एकदम आमच्या घरातल्या बोलीत आली, "मोतीरामले सांग, माही खुर्ची सगळ्यात समोर ठेवजो म्हणा. अन् मोठी शिशी आणायले त्याच्यासंगं मीच जाईन."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. कशाच्या ते निम्म्यांना कळलंही नसेल.

"पण सगळ्यायले लावलं, मले काऊन नाही लावलं?" आईने हात पुढे केला. खडूने पांढरा झालेला.

मी शिशी उलटी करून दाखवली. थेंबही नव्हता. मग मी माझ्या हाताची पाठ तिच्या हातावर घासली. ते बघून बयना पुढे आली आणि तिनेही घासली. तिच्यामागे पूर्ण रांग लागली, वरपक्षासकट. प्रत्येक जण मॅडमच्या हाताला हात लावून बाहेर जात होता. आई आता दाराशी जाऊन प्रत्येकाला म्हणत होती, "चला, पुढे चला, गर्दी करू नका," आणि हसू तिच्या तोंडात मावत नव्हतं.