सूर्याच्या घरची लेक

मी एक जुना ठिपका आहे. तिळाएवढा, निळसर काळा, ड्राना नावाच्या बाईच्या उजव्या हाताच्या पाठीवर गोंदलेला. माझ्या एका बाजूला सूर्य आहे, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर. तुमच्याकडे चंद्राला मामा म्हणतात म्हणे. आमच्या डोंगरात ती आई आहे आणि सूर्य तिचा नवरा. मी त्यांची एकुलती एक लेक. डोंगरातले झरे गिळून बसणाऱ्या राक्षसिणीवर वरून वीज होऊन कोसळते ती मीच. माझ्या आकारावर जाऊ नका.

मित्रांनो, मला गोंदले ते फिले नावाच्या म्हातारीने. ड्राना तेव्हा दहा वर्षांची होती. फिलेने देवदाराच्या लाकडाची काजळी धरली, तान्ह्या मुलीच्या आईचे दूध त्यात कालवले आणि तीन सुया दोऱ्याने बांधून टोचायला घेतले. सूर्य आणि चंद्र होईपर्यंत पोरीने रडून आकाशपाताळ एक केले.

"आता बास की गं आजी!"

"गप! आईबाप बसवले आणि लेकीला बाहेर ठेवू होय?"

असे म्हणून तिने मला टोचले. सगळ्यात जास्त मीच दुखले. त्याचा मला मुळीच पस्तावा नाही.

पुढे चाळीस वर्षे मी त्या हाताबरोबर राबले. मक्याचे पीठ मळले, सरपण वाहिले, पाळणा हलवला. लग्नात बायकांनी माझे कौतुक केले. नंतर भेगाळलेल्या हाताकडे कोण बघतो? ड्रानाला तीन मुली झाल्या. तिसरीचे नाव नवऱ्याने म्याफ्ते ठेवले, म्हणजे 'पुरे'. पुरे झाल्या मुली! मला त्याचा राग आला होता. तो आता मेला आहे, तरी राग तसाच आहे. थोरल्या दोघी लग्न होऊन खोऱ्यापलीकडे गेल्या. म्याफ्तेने मात्र आईला सोडून जायचे नाही असे ठरवले. ती नांगर धरी, पडलेले बांध रची.

नवरा गेला त्याच उन्हाळ्यात ड्रानाचा दीर कोल याने तिच्या शेताचे पाणी तोडले. आमच्या गावात जितके धूर, म्हणजे जितकी चूल पेटती असलेली घरे, तितक्या पाटाच्या पाळ्या. पण ज्या घरात मुलगा नाही ते घर विझलेले धरतात, मग तिथली चूल कितीही पेटलेली असो. मका कणसावर आला होता आणि पानांची सुरळी होऊ लागली होती. आणखी चार दिवस पाणी मिळाले नसते, तर दोघींच्या वर्षाच्या भाकरीवर पाणी पडले असते.

"वहिनी, माझ्याकडे येऊन राहा ना दोघी," कोल साळसूदपणे म्हणाला. "मी काय उपाशी ठेवणार आहे?" शेत त्याला आणि या दोघी त्याच्या चुलीपुढे, असा त्याचा डाव होता.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर चर्चबाहेर अक्रोडाखाली पंच बसले. तिथे बायका बोलत नाहीत. ड्राना गेली आणि बोलली.

"या सूर्याची शपथ," कोल म्हणाला, "मी नियमाबाहेर काही केलेलं नाही."

ड्रानाने हात थेट म्हाताऱ्या बिबच्या नाकासमोर धरला. तो पंचांत सगळ्यात वडील.

"बिबबाबा, हे काय?"

"सूर्य. आणि ही चंद्रकोर. डोळे शाबूत आहेत माझे."

"आणि मधे कोण?"

"सुई घसरली असेल म्हातारीची!" कोल म्हणाला. पुरुष फिदीफिदी हसले. माझ्या अंगाची आग झाली. मला चूक म्हणतो!

बिब हसला नाही. "लेक आहे त्यांची."

"आणि मुलगा?"

"मुलगा नाही त्यांना."

"म्हणजे सूर्याचं घर विझलेलं!" ड्रानाचा आवाज चढला. "मग उठल्यासुटल्या विझलेल्या घराची शपथ कशी घेता तुम्ही? भावजी, आत्ता घेतलीत ती खरी की खोटी, तेवढं सांगा."

कोल कात्रीत सापडला. खोटी म्हणावे तर पंचांपुढे खोटी शपथ. खरी म्हणावे तर लेकीचे घर जिवंत.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," बिब त्याला म्हणाला. "सूर्याला विझलेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाळी ड्रानाची."

"आणि मी मेल्यावर?" ड्रानाने विचारले.

"तेव्हा पाटाची दारं धरायला कोण राहणार?" दुसरा एक पंच म्हणाला. "ती एकटी पोर?"

"नावच पुरे आहे तिचं. एकटी पुरे!"

दोघे पंच पुटपुटत उठले. बिब बसूनच होता. "धूर तो धूर," तो म्हणाला. "धुराला मिशा फुटलेल्या मी तरी बघितल्या नाहीत."

कुंपणाबाहेर उभी असलेली म्याफ्ते कुदळ घेऊन पळाली. कोलने घातलेला बांध तिने स्वतः फोडला. संध्याकाळपर्यंत मक्याच्या मुळाशी पाणी पोचले.

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी 'मला जपा' म्हणून हात जोडायचे असतात. मी जोडणार नाही. ड्राना आता थकली आहे. तिच्याबरोबर मीही मातीत जाईन. हल्लीच्या मुली गोंदून घेत नाहीत, त्याचे थोडे वाईट वाटते, पण ते असो. जपायचेच असेल तर शेजारच्या घरातली एकटी मुलगी जपा, तिचे शेत जपा. आणि 'त्या घरात आता कोणी नाही' असे म्हणावेसे वाटले, तर भर उन्हात उभे राहा, मान वर करा आणि माझ्या बापाच्या तोंडावर म्हणून दाखवा. बघू, छाती होते का.