टिल्लूच्या छातीतला आवाज

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. मशीनवर नुसता तळहात टेकवला की आपल्याला बिघाड कळतो, अशी त्यांची बढाई होती. ती खोटी नव्हती, हेच वाईट झालं.

त्यांचा कुत्रा टिल्लू तीन महिन्यांचा असताना लस टोचणाऱ्या डॉक्टरांना त्याच्या छातीत सतत घूंघूं असा आवाज ऐकू आला. मिस्त्रींनी हात ठेवला, तर तेल संपलेल्या मोटारीसारखी थरथर हाताला लागली. हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी नळी पिल्लू जन्मलं की आपोआप बंद होते. टिल्लूची उघडीच राहिली होती. छाती उघडून ती बांधून टाका, कुत्रा म्हातारा होईपर्यंत जगेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बायको लगेच तयार झाली. मिस्त्रींचा मात्र जीव खालीवर. "अगं, ओंजळीत मावतो तो. त्याची छाती फाडायची?" ती रोज विचारायची, "अहो, कधी न्यायचं त्याला?" आणि हे रोज म्हणायचे, "बघू."

टिल्लू सहा महिन्यांचा झाला आणि एके सकाळी थरथर थांबली. मिस्त्रींनी तीनतीनदा हात फिरवून पाहिला आणि आनंदाने ओरडले, "बंद झाली! नळी आपली आपण बंद झाली!"

"एकदा डॉक्टरांना दाखवूया ना?"

"आवाज गेला म्हणजे बिघाड गेला. तीस वर्षं काय माशा मारल्या मी?"

बिचारीने विश्वास ठेवला.

आता दीड वर्षाचा टिल्लू चार पायऱ्या चढला की मागच्या पायांवर मटकन बसायचा, म्हणून दोघं त्याला मोठ्या इस्पितळात घेऊन आले होते. बायको बाहेर बाकावर थांबली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या मशीनवर हृदय नीट पाहिलं.

"नळी उघडीच आहे, काका."

"मग आवाज कुठे गेला?"

"जास्तीचं रक्त फुप्फुसात जोरात घुसायचं, त्याचा आवाज होता तो. तिथला दाब वाढत गेला आणि रक्त उलट्या बाजूने वाहायला लागलं. आता ते जोरात घुसत नाही, म्हणून आवाज येत नाही."

मिस्त्रींनी हात जोडले. "मग आता बांधा. मी कुठे सही करू?"

"आता नाही बांधता येणार. तेवढी एकच वाट उरलीय त्या दाबाला. ती बंद केली तर हृदय टेबलावरच थांबेल. त्याचं रक्त दाट होत जातं, म्हणून अधूनमधून थोडं काढून त्याला आराम देऊ. वर्षभर जगेल, फार तर दोन वर्षं." बाईंनी मशीन बंद केलं. "आवाज होता तोवर आणायला हवं होतं हो."

टिल्लू त्यांची बोटं चाटत होता. मिस्त्रींना आपल्याच हातांची शिसारी आली.

ते त्याला घेऊन बाहेर आले, तशी बायको घाईने उठली. "अहो, कोणती तारीख दिली?"

थाप मारावी असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता.

तिने हळूच विचारलं, "मी रोज विचारत होते, तेव्हा वेळ होती?"

"होती."

तिने टिल्लूला त्यांच्या हातांतून काढून घेतलं आणि दाराकडे चालू लागली. टिल्लू तिच्या खांद्यावरून मागे मिस्त्रींकडे बघून शेपूट हलवत होता.